जिन्याखालची वाळू

माणिकबाईंनी कापसात हात घातला आणि हाताला ओलं लागलं. आधी वाटलं, दहिवर असेल, रात्री खिडकी उघडी राहिली असेल. मार्गशीर्षात साईनगरच्या त्या घराच्या भिंतीसुद्धा गार पडतात. मग वास आला, आणि कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. येणाऱ्या नातवंडाच्या पहिल्या गादीचा कापूस होता तो. धामणगावच्या वावरातला, पहिल्या वेचणीचा. नवऱ्यानं, महादेवरावांनी, स्वतः बसून पाचोळा निवडलेला, जिनिंगमधून सरकी काढवून अमरावतीला आणलेला, आतल्या खोलीच्या कोपऱ्यात जुन्या लुगड्यावर ढीग घालून ठेवलेला. आज ऊन दाखवायचं आणि उद्या-परवा गादीवाल्याला बोलवायचं, असं ठरलेलं. आणि त्या ढिगाच्या बरोबर मधोमध, झाडाला आळं करावं तसं नीट गोल उकरून मांजरीनं आपलं काम उरकलं होतं, वरून कापूस ओढून झाकूनही टाकलं होतं. एवढी व्यवस्थित, आणि एवढी बेशरम. माणिकबाई ओरडल्या नाहीत, ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतंच. त्यांनी साबण लावून दोनदा हात धुतला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सुनेला म्हटलं, "दामिनी, तुह्या मांजरीनं कापसात केलं व."

दामिनीच्या हातातलं लाटणं थांबलं. सातवा महिना लागलेला, ओट्याला टेकून उभी राहायची ती. "बाळाच्या?" एवढंच तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा पोळी लाटायला घेतली, पण पोळी एका बाजूनं जाडच राहिली. मुलगा जीवन ब्रश तोंडात धरून आला, चूळ भरली आणि निकाल देऊन मोकळा झाला. आधी बाबांच्या धोतरावर, मग दाराच्या पायपुसण्यावर, आता कापसात. "बस झालं. आता एकदा का आणखी केलं, तं रविवारच्या गाडीत टाकतो न् वरूडले नेतो तिले. बगीच्यात सोडून देतो. उंदरं खाईन, मजेत राईन." जीवन वरूडकडचे संत्र्याचे बगीचे घ्यायचा, माल भरून पाठवायचा. बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता, त्याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. दामिनीनं जाड राहिलेली पोळी तव्यावर टाकली. तिचा भाऊ कुलदीप रविवारनंतर तिला बाळंतपणासाठी अकोल्याला न्यायला येणार होता, आणि तिनं आठ दिवसांपूर्वीच माणिकबाईंना विचारून ठेवलं होतं, "आई, मी येईपर्यंत सांभाळसान ना सरकीले?" माणिकबाई म्हणाल्या होत्या, हाव. विचार न करता म्हणाल्या होत्या, कारण एक मांजर सांभाळण्यात विचार करण्यासारखं काय असतं, हेच त्यांना तेव्हा कळलं नव्हतं.

माणिकबाईंना जनावरातलं कळत नाही, असं त्यांच्या तोंडावर म्हणायची छाती त्यांच्या गावात कुणाची नव्हती. अडलेली म्हैस त्यांनी मोकळी केली होती, आईला न लुचणारं वासरू बोट चाखवून चाखवून पाजतं केलं होतं. त्यापुढे हे मूठभर मांजर म्हणजे काय? करडी-पांढरी, अंगावर काळे ठिपके, म्हणून दामिनीनं नाव ठेवलं सरकी. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपल्याड दामिनीच्या माहेरच्या गल्लीत जन्मलेली; लग्नानंतर पहिल्या सणाला दामिनी गेली ती येताना पिशवीत हिला घेऊन आली. तिच्या मांजराचा हगण्या-मुतण्याचा एक पसरट टब होता, तो तिनं मागच्या बाजूला जिन्याखाली ठेवला, शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली वाळू त्यात चाळून घातली, आणि रोज सकाळी खुरपीनं खडे काढावेत तसं ती त्यातलं काढायची. दीड वर्षात त्या मांजरीनं एकदासुद्धा बाहेर केलं नाही. माणिकबाईंना त्याचं कौतुकही वाटलं नाही, जे बिनबोभाट चालतं त्याचं कौतुक कोण करतं? मग दामिनीला दिवस गेले. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं की मांजराची घाण गरोदर बाईनं काढायची नाही, दुसऱ्या कुणीतरी काढा. जीवन म्हणाला, मी नाई. महादेवराव म्हणाले, माझे गुडघे. तेव्हा माणिकबाईंनी पदर खोचला. त्यांनी हातात घेतलेली कुठलीही गोष्ट जशी होती तशी कधी राहिली नाही, सुधारलीच. तशी त्यांनी ही पण सुधारली.

जिन्याखाली अंधार, ओल, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून. तो टब तिथून उचलून त्यांनी समोरच्या गॅलरीत आणला, जाळीशी, दिवसभर ऊन येईल असा. रोज फिनाईल टाकून घासायला सुरुवात केली, इतकं की बाजूच्या प्रतीक्षाताईंनी विचारलं, नवीन आणला का. आणि वाळू? वाळू परकी, कुणाच्या तरी नदीची. महादेवरावांनी गोणीभर काळी माती आणली, वावरातल्या त्या पट्ट्यातली जिथं कापूस छातीला लागतो. ढेकळं फोडून, चाळून, हातात घेऊन त्यांनी ती शेषरावांना दाखवली. शेषराव म्हणजे त्यांचे जुने मित्र, निवृत्त तलाठी, सकाळ-संध्याकाळ या घरात बसायला येणारे. "पाह्य म्हटलं, लोणी हाय लोणी. लोक लाख-लाख रुपये एकरी देतात अशा मातीले, न् आमची मांजर त्याच्यात जाते." शेषराव म्हणाले, "नशीबवान हाय बावा." त्या मातीचा अभिमान माणिकबाईंनाही होता, चाळीस वर्षं त्याच मातीनं पोट भरलं. आणि वास येऊ नये म्हणून त्यांनी त्यात संत्र्याची वाळलेली सालं चुरून टाकली. घरात संत्री पडलेलीच असायची, जीवननं मालाचे दोन-तीन क्रेट गॅलरीतच रचलेले असायचे, टबाच्या अगदी शेजारी. सालं कपड्यांच्या कपाटात, सालं धान्यात, सालं धुपाटण्यात. टबात टाकली तर काय वाईट? मांजराला अशी व्यवस्था अमरावतीत दुसरीकडे कुठं मिळाली असती, सांगावं कुणी.

म्हणून त्यांचं निदान झटकन झालं. ही ठसन होती. मालकीण दुसरी झाली म्हणून राग काढून राहिली. धोतरावर केलं, म्हणजे घरच्या कर्त्या माणसाचा अपमान. कापसात केलं, म्हणजे येणाऱ्या लेकराचा हेवा. सगळं कसं सरळ जुळत होतं. शेषरावांनीही आपला हातभार लावला, "रुईतून सरकी काढली म्हनता, वैनी, मोठी तं राहूनच गेली," आणि स्वतःच हसले. पण कापूस वाळत घालताना, वरचा ओला भाग फेकून खालचा राखताना, माणिकबाईंच्या मनात एक गोष्ट बोटातल्या कुसळासारखी खुपत राहिली. जो राग काढतो, तो झाकून ठेवत नाही. राग काढणारी म्हैस बादलीला लाथ मारते, ती दूध सांडल्यावर पुसत बसत नाही. हिनं तर उकरलं होतं, बसली होती, आणि वरून झाकलं होतं, जसं शहाण्या मांजरानं करावं तसं सगळं केलं होतं, फक्त चुकीच्या जागी. आणि दामिनीची ती नजर. पोळी लाटताना वर न आलेली. या पोरीच्या तोंडून गोष्ट काढायची म्हणजे विहिरीतून बादली काढण्यासारखं. तिला या गरोदरपणात दोनदा लघवीची जळजळ झाली, ताप आला, तेव्हासुद्धा तिनं स्वतः सांगितलं नाही, जीवनला रात्रीच्या कण्हण्यावरून कळलं. दवाखान्यातल्या बाई रागावल्या, पाणी पीत नाहीस, तुंबवून ठेवतेस, पोटातल्या बाळाचा तरी विचार कर, पुन्हा ताप आला तर वेळेआधी कळा लागतील. तेव्हापासून माणिकबाई रोज सकाळी तांब्याभर पाणी तिच्यासमोर ओट्यावर ठेवायच्या, आणि संध्याकाळी तो तांब्या जवळजवळ तसाच असायचा. आजकालच्या पोरींना पाणी प्यायचाही आळस, असं त्या म्हणायच्या, तिच्या तोंडावर म्हणायच्या, मागं नाही. त्यांच्या स्वतःच्या शरीराला शिस्त होती. अकोल्याला मुलगी पाहायला गेले, तेव्हा सकाळी घरून निघाल्यापासून दिवे लागेपर्यंत माणिकबाई एकदाही उठल्या नव्हत्या, आणि परतताना गाडीत त्यांनी ते सगळ्यांना सांगितलंही होतं.

निदान खरं की खोटं याचा निकाल लावायचा तर आधी आजार नाही ना, हे पाहायला हवं. बैल वाकडा चालला की आधी खूर पाहतात, मग स्वभाव. त्यांनी सरकीला दामिनीच्या जुन्या पिशवीत घातलं, रिक्षा केली आणि राजापेठेकडच्या एका जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीण तरुण होती, नाव रागिणी, सरकीच्या पोटावरून हात फिरवता फिरवता प्रश्न विचारायची तिची पद्धत होती. पोट दाबून पाहिलं, लघवी तपासायला घेतली, थोडा वेळ बसायला सांगितलं आणि येऊन म्हणाली, खडा नाही, जंतू नाही, तब्येत छान आहे. माणिकबाईंना बरं वाटलं, आणि आपलंच खरं ठरल्याचा आनंदही झाला. "म्हंजे राग हाय," त्या म्हणाल्या. रागिणीनं मान हलवली. "काकू, मांजर कोणावर राग म्हणून असं करत नाई. तिले जिथं जाववत नाई, तिथं ती जात नाई, एवढंच. टब कुठी ठेवलाय?" माणिकबाईंनी सांगितलं, ठसक्यात सांगितलं: गॅलरीत, उन्हात, रोज फिनाईल, चाळलेली काळी माती, संत्र्याची सालं. रागिणी ऐकताना हसली नाही, हे माणिकबाईंनी मनात नोंदवलं. ती फक्त म्हणाली, "फिनाईलचा वास आपल्याले चांगला वाटते, तिले नाई. संत्र्याचा तं अजिबातच नाई. आणि काळी माती ओली झाली की पायाले चिकटते ना? बाकी तुमी स्वतःच एकदा पाहा. ती टबाजवळ येते तेव्हा काय काय करते, न् कोनाकडं पाहते. मले इथं बसून नाई सांगता येनार."

पाहा, म्हणे. माणिकबाई घरी आल्या त्या जरा घुश्शातच. पाहण्यासारखं काय राहिलं होतं? पण दुसऱ्या दिवशी सकाळची कामं उरकल्यावर त्या तूर निवडायचं सूप घेऊन हॉल आणि गॅलरी यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसल्या. इथून गॅलरी दिसते आणि हॉलही. हे घर महादेवरावांनी बांधलं तेव्हा वास्तुवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं की संडास वायव्येला हवा, नाहीतर घरात पैसा टिकत नाही, आणि या प्लॉटची वायव्य निघाली ती नेमकी हॉलच्या भिंतीला. म्हणून संडास-न्हाणीचं दार हॉलमध्ये उघडतं, दिवाणाच्या बरोबर समोर. दिवाणावर महादेवराव, समोरच्या खुर्चीत शेषराव, टीव्हीवर बातम्या, दोघांच्या मधे चहाचं स्टूल. असं ते दिवसभर चालायचं, आणि माणिकबाईंना आवडायचं ते, घराला माणसांचा आवाज हवा. बारीक थंडी, गॅलरीत ऊन, संत्र्यांचा वास. सरकी आली. हॉलच्या मधून नाही, खुर्च्यांच्या पायांच्या मागून, भिंतीला अंग घासत. गॅलरीच्या तोंडाशी थांबली. महादेवराव खोकले, ती बसली, जणू बसायलाच आली होती. मग उठली, टबापाशी गेली, एक पंजा मातीवर ठेवला आणि लगेच उचलून झटकला, ओल्या फरशीवर पाय पडल्यावर बाई झटकते तसा. मातीचा गोळा नखात अडकला होता, तो चाटला, सालाची चव लागली असावी, तोंड वाकडं केलं. रस्त्यावरून कुत्रं गेलं, जाळीपलीकडून. सरकीनं मान वळवून मागचा रस्ता पाहिला; मागं क्रेट होते, पुढं जाळी, आणि एकुलत्या एका वाटेवर शेषरावांचे लांब केलेले पाय. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग वळली, टबाकडं आपलं काही कामच नव्हतं असं दाखवत, क्रेटच्या लाकडाला उगीच नख मारलं, आणि आली तशी भिंतीला लागून आत गेली.

माणिकबाईंच्या हातातलं सूप मांडीवरच राहिलं. हे चालणं त्यांनी पाहिलं होतं. मांजरीचं नाही. आज सकाळीच पाहिलं होतं, काल पाहिलं होतं, गेली दोन वर्षं रोज पाहत होत्या आणि पाहत नव्हत्या. दामिनी स्वयंपाकघराच्या पडद्यापाशी यायची, पडद्याच्या कडेनं हॉलकडं पाहायची, शेषरावांचे पाय दिसले की थांबायची, आणि मग वळून शेगडीवरचं भांडं ढवळायची, ज्याला ढवळायची काही गरज नसायची. पडद्याचं टोक हातात धरून थोडा वेळ उभं राहणं, ओढणी डोक्यावर घेणं, पुन्हा काढणं. त्यांना वाटायचं पोरीचं मन कामात नाही, भिरभिरी आहे. महादेवराव एकदा म्हणालेही होते, तुही सून सारखी डोकावते, काय पायजे तिले? तांब्या भरलेला का राहायचा, ते माणिकबाईंना आत्ता कळलं, उंबऱ्यावर बसल्या बसल्या, उन्हात. प्यायलं की जावं लागतं. जायचं म्हणजे सासऱ्याच्या आणि परक्या पुरुषाच्या मधून, स्टूल ओलांडून, सगळ्या घराला कडी लागल्याचा आवाज ऐकू येईल असं. त्यापेक्षा तहान बरी.

आणि मग हे सगळं कुठून ओळखीचं आहे, हे आठवायला फार लांब जावं लागलं नाही. त्या सासरी आल्या तेव्हा घरात संडास नव्हताच. गावाबाहेर, रेल्वे लाइनीच्या कडेला बायकांची जागा, सकाळी उजाडायच्या आत किंवा दिवेलागणीला, टमरेल पदराखाली धरून, जावांच्या मागं. दिवसभरात काही झालं तर दात दाबून बसायचं. आणि तिथं गेल्यावरही सुटका नव्हती, गाडी आली की उठून उभं राहायचं. सगळ्या बायका ओळीनं उभ्या, लुगडं सारखं करून, गाडीकडं पाठ करून, डब्यांतले दिवे पाठीवरून सरकत जायचे. पॅसेंजर निघून जायची, पण मालगाडी सिग्नलला थांबली की थांबलीच. उभं राहून राहून पोटात कळ यायची आणि ज्यासाठी आलो ते विसरून जायचं अंग. पहिल्या महिन्यात त्या एकदा घरी येऊन रडल्या होत्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, अगदी मायेनं म्हणाल्या होत्या, "दुपारचं पानी कमी पेत जा व, म्हंजे कामच नाई पडत." माणिकबाईंनी ते ऐकलं, आणि शरीरानंही ऐकलं. इतकं ऐकलं की पुढं घरात संडास आला, अमरावतीत घर झालं, नळ आला, तरी त्या दुपारचं पाणी कमीच पीत राहिल्या. या घरात त्यांची स्वतःची वेळ म्हणजे सगळे उठायच्या आधी आणि महादेवराव दुपारी झोपल्यावर. त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, ते तसंच पडलं होतं. ज्याला त्या शिस्त म्हणायच्या, गाडीत बसून ज्याचा तोरा मिरवायच्या, ती ही शिस्त. त्यांना स्वतःची लाज नाही वाटली, राग आला. कुणाचा, ते नीट कळेना. सासूबाई तर गेल्या, आणि त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असेल. पण पुढच्या बाईला, या पोरीला, ज्या पोटात त्यांचं नातवंड आहे त्या पोटाला, तांब्या समोर ठेवून आळशी म्हणणारी तर त्याच होत्या ना? मग हे इथंच थांबवायचं, आणि आजच.

माणिकबाई उठल्या. एकदा कळलं की मग त्यांना वेळ लागत नसे. आधी मांजर, कारण रविवार जवळ होता. टबातली सोन्यासारखी काळी माती त्यांनी गुलाबाच्या कुंड्यांत ओतली, महादेवराव "अवं, अवं" करत राहिले. टब नुसत्या पाण्यानं धुतला, उन्हात वाळवला, बांधकामावरून घमेलंभर वाळू मागून आणली आणि दामिनीला विचारलं, "कशी चाळत होती तू? दाखव. हात नको लावू, नुसतं सांग." दामिनीनं पायरीवर बसून सांगितलं, बारीक जाळीनं, आणि फार कमी नाही, पंजा बुडेल इतकी. टब जिन्याखाली गेला, जुन्याच जागी, अंधारात, जिथून मागच्या दाराकडंही पळता येतं आणि स्वयंपाकघरातही. मग दोघी पायरीवर बसून राहिल्या, तिकडं न पाहता, कारण पाहिलं तर ती येणार नाही हे आता दोघींनाही माहीत होतं. बऱ्याच वेळानं मागून वाळू उकरल्याचा आवाज आला. खस्, खस्, खस्. दामिनीनं सासूचा हात धरला. "आई," ती म्हणाली, "मी म्हननार होती तुमाले. जिन्याखालीच राहू द्या म्हनून." "मग काहून नाई म्हनली?" "तुमी इतक्या मनापासून करून राहिल्या होत्या." माणिकबाईंना हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही त्यांनी लपवलं नाही. "आणखी काय काय नाई म्हनली व तू मले?" त्यांनी विचारलं. तिला उत्तर द्यायला लावायचं नव्हतंच त्यांना. "राहू दे," त्या म्हणाल्या. "मले समजलं."

संध्याकाळी जीवन आला तो दारातच थांबला. दिवाण हॉलमध्ये नव्हता. शेजारचा अमोल आणि त्याचा भाऊ मिळून तो गॅलरीत नेत होते, संत्र्यांचे क्रेट अंगणात गेले होते, आतल्या खोलीतलं जुनं लोखंडी कपाट हॉलमध्ये आडवं लागलं होतं, त्यामुळे स्वयंपाकघराच्या पडद्यापासून संडासाच्या दारापर्यंत एक बोळ तयार झाला होता, भिंत आणि कपाट यांच्या मधला. महादेवराव गुडघ्यांवर हात ठेवून एका खुर्चीत, शेषराव दुसऱ्या खुर्चीत, दोघेही सासुरवाडीत आल्यासारखे बसलेले. "माय, हे काय लावलं?" जीवन म्हणाला. "मांजरीचं काय झालं?" "मांजर आपल्या जाग्यावर जाते. तुही गाडी रिकामीच जाईन वरूडले." माणिकबाई कपाट भिंतीपासून किती अंतरावर आहे ते हातानं मापून पाहत होत्या, सातव्या महिन्याचं पोट जाईल एवढं हवं, पुढं लेकरू कडेवर घेऊनही. महादेवरावांनी तोंड उघडलं, "अवं, पन दिवाणाचं काय बिघडलं होतं? वारं, ऊन, सारं तं..." माणिकबाई वळल्या. आवाज चढवला नाही, शेषराव बसलेत म्हणून झाकलंही नाही. "पोरीले उठून जाले तुमा दोघाइच्या मधून जा लागते. लाजते ते. पानी पेत नाई दिवसभर. म्हनून तिले ताप येते, न् म्हनून तुमचा नातू पोटात तरसते. आता समजलं?" शेषरावांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. जीवन ज्या भिंतीकडं पाहत होता तिथं काहीच नव्हतं.

"मले काय मालूम व," महादेवराव शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता, ते वाईट माणूस नव्हते. "मलेही नोतं मालूम," माणिकबाई म्हणाल्या. मग काहीतरी जुळवत असल्यासारखं त्यांनी बायकोकडं पाहिलं. "न् तू? तू तं इतके वर्सं इथंच हाय. तू कधी म्हनली नाई." माणिकबाईंनी कपाटाच्या दारावरची धूळ पदरानं पुसली. "मले कोनं विचारलं?" त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, पोळी झाली का विचारल्यावर झाली म्हणावं तितकं साधं होतं ते, पण महादेवराव उठले, आणि गुडघे दुखत असतानाही स्वतः टीव्हीची वायर काढून गॅलरीच्या खिडकीकडं ओढायला लागले.

पुढच्या आठवड्यात कुलदीप आला आणि दामिनी अकोल्याला गेली. निघताना तिनं सगळ्यांना नमस्कार केला, ओटी भरून घेतली, सरकीला कडेवर घेऊन तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरचा तांब्या उचलून घटाघटा अर्धा संपवला, गाडीत दोन तास बसायचं असूनही. कुलदीप म्हणाला, "ताई, रस्त्यात गाडी कुठी थांबवू मंग?" "थांबवजो जिथं म्हनीन तिथं," दामिनी म्हणाली. माणिकबाई फाटकापर्यंत गेल्या. परत आल्यावर घर शांत होतं. गॅलरीतून महादेवराव आणि शेषराव यांचा आवाज येत होता, कापसाच्या भावावरून. आतल्या खोलीत नवी गादी गुंडाळून ठेवलेली होती, गादीवाल्यानं आदल्याच दिवशी शिवलेली, आणि तिच्यावर सरकी झोपली होती. नुसती झोपली होती. माणिकबाईंनी तिला हाकललं नाही. ओट्यावर तांब्या अर्धा भरलेला होता. अकरा वाजले असतील, घरात दोन पुरुष जागे, ही त्यांची वेळ नव्हे. त्यांनी तांब्या उचलला, उभ्यानंच उरलेलं सगळं पाणी प्यायल्या, तांब्या पालथा घातला, आणि थोड्या वेळानं दुपारची वाट न पाहता पडदा बाजूला करून कपाटामागच्या बोळातून गेल्या आणि कडी लावली, आवाज होईल तसा होऊ देऊन.